शीतलच्या खोलीला पांढरी फरशी

४ मार्च
ठरलं. शीतल बाळंतपणाला यायच्या आत तिच्या खोलीतली जुनी काळी फरशी काढायची. लेक माहेरी येणार आणि पायाखाली तेच काळं थोबाड? शोभा म्हणाली, आधी पोरीला फोन करून विचारा. सरप्राइज काय विचारून देतात?

९ मार्च
शनवारा बाजारातली दुकानं पालथी घातली. आयव्हरी, क्रीम, ऑफ-व्हाइट. शोभाला तिन्ही पांढरेच दिसले. त्याला नजर पाहिजे. रंग उद्या फायनल. पाय फार दुखताहेत.

१७ मार्च
रंग उद्या फायनल. देवराम मिस्त्री म्हणाला, साहेब, ठरलं की बोलवा, तोवर इतवाऱ्यातलं काम धरतो. लोकांना धीर म्हणून नाही.

२६ मार्च
फायनल! पांढरा मार्बल. जुनी फरशी आज फोडून टाकली. शोभा दिवसभर बोलली नाही. धुळीमुळे असेल.

८ एप्रिल
खोली चकाचक. परवा तिथेच सत्यनारायण. मेहुणा भूपेंद्र मळ्यातून केळीचे खांब आणणार. शोभाचं टुमणं चालू आहे की ताजे खांब नकोत, चीक गळेल. अगं, पण पांढऱ्यावर हिरवं काय खुलतं! फोटोच बघ.

१० एप्रिल
पूजा झकास. थोडा चीक सांडलाय, पाण्यासारखाच दिसतो. कंबर मोडली. सकाळी पुसतो.

११ एप्रिल
काळा पडला. चौरंगाच्या चारी बाजूंनी. आयुष्य बुऱ्हाणपुरात, केळीच्या मुलखात गेलं, चिकाच्या काळ्या डागांनी किती शर्ट टाकून दिले, तरी... नाही, मार्बलच हलका निघाला.

१२ एप्रिल
लिंबू चोळलं. डाग आहे तिथेच, चकाकी तेवढी गेली. शोभाने लिंबाच्या साली उचलून नेल्या. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१३ एप्रिल
भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजीसारखी मोठी दरी अंथरली. तशी दरी क्लासिकच दिसते.

१५ एप्रिल
शीतल आली. किती थकलीय पोर. दारातच हुश्श केलं. म्हणाली, पप्पांनी हौसेने खोली बदलली असेल याची रस्ताभर धास्ती होती, बरं झालं हात लावला नाही. सासरी सगळीकडे टाइल्स, उन्हाळ्यात नुसत्या तापतात. इथल्या काळ्या गार फरशीवर लोळायचे तेवढे डोहाळे लागलेत. पप्पा, दरी काढा ना.

शोभा स्वयंपाकघरात निघून गेली.

उद्या काढतो म्हणालो.