माडीवरच्या म्हातारीचा सिनेमा

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरी आहे, जेवणाखाण्याची आबाळ नाही. माझ्यासाठी जीव टांगणीला लावू नकोस. तसा तू लावणाऱ्यांतला नाहीसच.

थिएटरात मी टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेते आणि खेळ सुटला की झाडते. सध्या भुताचा सिनेमा लागलाय. ओल धरलेला जुना बंगला, आणि वेड लागलं म्हणून घरच्यांनीच माडीवर कोंडलेली म्हातारी.

सिनेमा पाठ झालाय, म्हणून मी लोकांकडेच बघते. तिला कोंडतात तेव्हा कुणी पॉपकॉर्न खातं, कुणी मोबाइल चाळतं. ती मेल्यावर आतून दार ठोठावू लागली, की हेच लोक किंचाळून एकमेकांना बिलगतात. काल एक बाई नवऱ्याला म्हणाली, "मेली घरच्यांना किती छळतेय बघ!" मी दातओठ खात उभी राहिले.

वहिनी फोनवर म्हणाली, आई पाहुण्यांसमोर काहीबाही बोलते, म्हणून तेवढ्यापुरती तिला वरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतो. तेवढ्यापुरती! तुमच्याकडे पाहुण्यांचा किती राबता असतो, ते मला ठाऊक आहे.

तिचा गुडघा कसा आहे? खोलीत पंखा तरी लावता ना?

आणि एवढं कळव. ती आतून दार ठोठावते, तेव्हा तुमचे पाहुणे काय म्हणतात?

तुझी धाकटी बहीण