गळका नळ आणि चार तज्ज्ञ

सोमवार, ३ जून

बालविकास केंद्रातून फोन आला! ठकीची तारीख मिळाली, पुढचा गुरुवार. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचाउपचारवाल्या बाई आणि झोपाळे-चेंडू घेऊन काम करणारे ऑक्युपेशनल थेरपीचे सर, असे चौघं एकाच दिवशी तिला बघणार. मग एका टेबलाशी बसून सांगणार, सहा वर्षांची आमची लेक स्वमग्न आहे का, आणि असेल तर पुढे काय.

"चौघं?" नवरा म्हणाला. "मला नोकरीवर घेताना एकच होता. तोही जांभया देत."

थेरपीच्या नव्या गटात एकच जागा उरलीय. महिनाअखेर अहवाल झाला तर ती ठकीची, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. फोन ठेवला आणि उगाचच सगळे डबे पुसून काढले.

बुधवार, ५ जून

सासूबाई कामाला लागल्या. जन्मभर शाळेत शिकवलं, आपल्या वर्गातलं एकही पोर नापास झालं नाही म्हणतात. आता नातीची पाळी.

"आई, ही परीक्षा नाही हो."

"प्रश्न विचारणार ना?"

"विचारणार."

"झालं तर!"



शनिवार, ८ जून

तयारी जोरात. मी स्वयंपाकघरातून ऐकते. "पाठ ताठ. नाक पुसलंस? डोळ्यांत बघ." मग ठकीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचं. "गाय काय देते? दूध. छान! पुढचा."

मला वाटलं पोरगी रडेल. छे! खूश आहे! रोज तेच, त्याच क्रमाने. तिला आणखी काय हवं?

सराव संपला की न्हाणीघरात जाऊन गळक्या नळासमोर उभी राहते. कितीही वेळ. नवऱ्याने नळ दुरुस्त करायला पाना आणलाय. मी तो लपवून ठेवलाय. मागे एकदा नळ घट्ट बंद केला, तर तिने किंचाळून घर डोक्यावर घेतलं होतं.

सासूबाईंना थांबवायला हवं. थांबवत नाही. मलाही कुठेतरी ती पास व्हायला हवीय.

गुरुवार, १३ जून

हसू की रडू!

मानसतज्ज्ञ बाईंनी ठकीला समोर बसवलं. आम्ही तिघं काचेमागे. आम्हाला ती दिसते, तिला आम्ही नाही. बाई बोलणार एवढ्यात ठकीच म्हणाली, "पाठ ताठ."

बाई खरंच ताठ बसल्या!

"नाक पुसलंस?" बाईंचा हात नाकाकडे गेला. मग ठकीने त्यांची हनुवटी धरली. "डोळ्यांत बघ." पुढे प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच. "गाय काय देते? दूध. छान! पुढचा." हुबेहूब सासूबाईंचा आवाज. काचेमागे सासूबाईंचे ओठ हलत होते. नवऱ्याने तोंडात रुमाल कोंबला.

बाकी तिघांच्या खोल्यांतही तेच. सरांच्या झोपाळ्यावर उलटी लटकूनसुद्धा "पाठ ताठ"!

शेवटी मानसतज्ज्ञ बाईंनी मला विचारलं, "ठकी तुम्हाला कधी काही दाखवते? हवंय म्हणून नाही. नुसतं, तुम्हीही बघावं म्हणून?"

आठवून आठवून पाहिलं. "नाही," म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आज आम्ही ठकीला कुठे, आजींनाच तपासलं! पुन्हा या. आणि तोवर सराव बंद."

रविवार, १६ जून

सासूबाई वाटीत नुसता चमचा फिरवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळे पोरीची जागा गेली तर गं?"

"नाही जायची," म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक!

ठकी मात्र पाठ ताठ करून वाट बघत बसली होती.

मंगळवार, २५ जून

दुसरी फेरी. वाचाउपचारवाल्या बाईंनी सासूबाईंनाच आत बोलावलं. अट एकच: काही विचारायचं नाही, काही शिकवायचं नाही. सासूबाई सतरंजीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. चेहरा असा, की कुणी श्वास रोखून धरायला सांगितलाय.

ठकीला एक बरणी दिली. आत रंगीत गोट्या, झाकण मुद्दाम घट्ट. तिने ती आपटली. चाटली. कानाशी धरून हलवली. मग सासूबाईंचा हात मांडीखालून ओढून काढला आणि झाकणावर ठेवला. त्यांच्याकडे न बघता, एक शब्द न बोलता.

"काय हवं—" सासूबाईंचं तोंड उघडलं. आणि मिटलं! झाकण उघडून दिलं, बस.

मी काचेमागे टाळी वाजवली. चौघंही भराभरा लिहीत होते.

शुक्रवार, २८ जून

चौघांचं एकमत. स्वमग्नता आहे.

केव्हापासून माहीत होतं मला. तरी अहवालातला तो शब्द दोनदा वाचला. नवरा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"कितीपैकी किती?" सासूबाईंनी विचारलं.

"यात गुण नसतात, आजी."

"मग निकाल कसला हा!"

"निकाल नाहीच. सुरुवात कुठून करायची, ते." मानसतज्ज्ञ बाई हसल्या. "सोमवारपासून या. जागा ठकीची."

"आजींनाही आणा," सर म्हणाले. "गप्प बसण्यात चांगली प्रगती आहे."

जिना उतरताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. म्हणे, गुडघे दुखतायत.

रविवार, ३० जून

सकाळी दात घासत होते. ठकी आली. माझी हनुवटी धरली आणि फेसाने भरलेलं तोंड नळाकडे वळवलं.

"बघ."

थेंब फुगला, लोंबला, पडला. मी बघितला. तिनेही बघितलं. आधी थेंबाकडे, मग माझ्याकडे.

"छान!" म्हणाली. "पुढचा."