न मिटणारा फोन

३ ऑगस्ट, रविवार

आण्णांना नवा फोन आला! जुना बटणांचा पाण्याच्या बादलीत पडला, म्हणून भरतेशनी दुकान लवकर बंद करून पलूसला जाऊन आणला. खतं-औषधांचं दुकान ऐन हंगामात बंद ठेवणारा माणूस नाही हा. पण वडिलांसाठी ठेवलं.

या फोनची स्क्रीन मिटतच नाही. हात लावा न लावा, काळ्या काचेवर वेळ ठसठशीत दिसत राहते. कुणाचा मेसेज आला तर त्याचं नाव आणि पहिली ओळपण तिथंच उमटते. मी म्हटलं, बॅटरी संपेल की. तर आण्णा म्हणतात, "घड्याळ काय कुणी मिटवून ठेवतंय व्हय गं कीर्ते?"

घटकाभर डोळे मिटून सामायिकाला, ध्यानाला बसले की वेळ बघायला फोन समोर पाटावर. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, तेव्हा संध्याकाळी परत तिकडंच नजर. मेसेज उघडणं वगैरे त्यांना जमत नाही आणि जमवायचंही नाही. दिसतंय तेवढं वाचायचं. सासरे इतके खूश मी बऱ्याच दिवसांनी बघितले.

पोटाचं दुखणं मात्र आहेच. मंगळवारी सांगलीला स्कॅन.

९ ऑगस्ट, शनिवार

काल रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टरांनी आण्णांना बाहेर बसवून आम्हाला सांगितलं. किमो देऊन बघू म्हणाले, पण फार आशा धरू नका. महिन्यांची गोष्ट आहे.

गाडीत आण्णांनी विचारलं, "काय म्हणला रं डॉक्टर?" भरतेश पुढं बघत म्हणाले, "सूज हाय आतड्याला. औषधानं उतरंल." इतक्या सहज! मला वाटलं मी आता गाडीतच रडणार.

आज राखी. चंदनबाला सांगलीहून आली. भावाला राखी बांधली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली. भरतेश मागोमाग आले, दार लोटलं आणि आम्हा दोघींना बजावलं. आण्णांच्या कानावर एक शब्द जायचा नाही. कुणाकडूनही.

मी म्हटलं, "आवं, पण त्यांना कळायला नको? त्यांचं मरण आहे."

"कळलं की काय करतील ठाऊक हाय न्हवं तुला? अन्न सोडतील. उद्याच बस्तीत जाऊन महाराजांच्या पायाशी बसतील. मग मी काय, बापाला उपाशी मरताना बघत बसू?"

खरंच करतील ते. या चातुर्मासात मुनिमहाराज गावातल्या जैन बस्तीत, देवळातच उतरलेत. आणि आण्णा गेल्या वर्षीपासून म्हणत आलेत की मला सल्लेखना घेऊन, एकेक अन्न सोडत जायचंय, शुद्धीत, सगळ्यांना हात जोडून. त्यासाठी आधी कळावं लागतं. आम्ही नेमकं तेच लपवायला बसलोय.

१० ऑगस्ट, रविवार

आण्णांनी आज दोन भाकरी खाल्ल्या. औषध लागू पडलं म्हणाले. मला तोंड वर करून बघवेना.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज थोडक्यात निभावलं.

आण्णा सामायिकाला बसलेले, डोळे मिटून. फोन समोर. मी देवळीतला दिवा पुसायला गेले तर स्क्रीनवर ओळ – चंदनबाला – "दादा, आण्णांच्या किमोचं काय ठरलं". बाईनं भावाला पाठवायचा मेसेज बापाला पाठवला! मी फोन झडप घालून उचलला. आण्णांनी डोळे उघडले. "काय झालं गं?" म्हटलं, मुंग्या लागल्यात पाटाला. फोनला मुंग्या! काय पण सुचतं माणसाला.

चंदनबालाला फोन करून वाटेल ते बोलले. ती रडायला लागली. मग तो मेसेज पुसला आणि सेटिंगमध्ये शोधून शोधून ती कायम दिसणारी स्क्रीन बंद केली. कुठल्या शहाण्याला सुचलं हे? माणसाच्या उशाशी ठेवायची वस्तू, आणि येईल ते सगळ्या घराला वाचून दाखवते.

१६ ऑगस्ट, शनिवार

आण्णा सकाळपासून मागं लागलेत. "फोन झोपला बघ माझा. जागा कर."

मी म्हटलं बिघडलाय. म्हणाले, मग पलूसला नेऊन दाखवतो. म्हटलं नको, कंपनीनंच बंद केलंय सगळ्यांचं, बॅटरी जाते म्हणून. त्यांनी मान हलवली. लगेच विश्वास ठेवतात. याचाच मला जास्त राग येतो. जरा तरी संशय घ्या ना!

संध्याकाळी जेवायला बसताना तीनदा बाहेर जाऊन ऊन बघून आले.

२० ऑगस्ट, बुधवार

ब्राह्मीनं पुण्याहून फोनवर सांगितलं तसं केलं. आता घड्याळ दिसतं, मेसेजची ओळ दिसत नाही. मेसेज आला तर नुसतं पाकिटाचं बारीक चित्र. आण्णांचं घड्याळ परत जागं झालं. खूश आहेत.

ब्राह्मी नाही खूश. म्हणाली, "आई, सेटिंग सांगितली मी. पण तुम्ही आजोबांशी जे करताय ते मला पटत नाही. त्यांनी फोन जागा ठेवायचा म्हटलं तर त्यांचा फोन आहे." म्हटलं, तू पुण्यात बसून बोलू नकोस. फोन ठेवून दिला. तिचं चुकलं नव्हतं.

आता नवीन ताप. पाकीट दिसलं की आण्णा हाक मारतात, "काय आलंय बघ गं." हॉस्पिटलचे मेसेज त्यांच्याच नंबरवर येतात. काउंटरवर सांगून नंबर बदलला तरी येतातच. मी वाचते – सोमवारी कर्करोग विभागात यावे – आणि सांगते, रिचार्जचं आहे.

"सारखंच रिचार्ज?"

"व्हय, त्यांना दुसरा धंदाच न्हाई."

हसले. मीपण हसले. मग गोठ्याकडं जाऊन उगाच शेण भरत बसले.

२४ ऑगस्ट, रविवार

आण्णा उन्हात बसले होते. हळदीसारखे पिवळे दिसतात आता, डोळेसुद्धा. मी पेज दिली, अर्धी प्यायले. आपणहून बोलायला लागले. त्यांचा दोस्त गेल्या वर्षी सल्लेखना घेऊन गेला, त्याचं. "नशीबवान गडी. कळलं हुतं न्हवं त्याला. एकेक सोडत गेला – धान्य, मग दूध, मग ताक. शेवटाला पाणी. सगळ्यांस्नी हात जोडलं. मी बसलो हुतो उशाशी. काय तोंड हुतं गं त्याचं."

माझ्याकडं बघत होते. मी पेजेची वाटी उचलली आणि आत आले. तिथंच सांगून टाकायला हवं होतं.

रात्री भरतेशना म्हटलं, मी सांगणार. ते नुसते म्हणाले, "तुझा बाप असता तर सांगितलं असतंस?"

२८ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषण लागलं. घरात सगळ्यांचं एकाशन, दिवसातून एकदाच जेवण. आण्णा पहाटेच अंघोळ करून बस्तीत गेले, भरतेश हात धरून घेऊन गेले. एवढ्या अशक्तपणात कशाला, तर म्हणे "दहा दिवस तरी जाऊ दे." दोघं बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा भरतेशचे डोळे लाल. काय झालं विचारलं तर म्हणाले धूप गेला डोळ्यात.

आण्णांनी जेवताना धान्य घेतलं नाही. पर्युषणात सोडतातच कोण ना कोण काहीतरी. दूध आणि फळं घेतली. मीपण हिरवी भाजी सोडली आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

धान्याला हात नाही. "पर्व संपू दे." पर्वात कुणाला आग्रह करायचा?

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. बस्तीत अभिषेकाला गर्दी. आण्णांना खुर्चीवर बसवून नेलं. दूधपण कमी केलंय. डॉक्टरांनी सांगितलेली किमोची तारीख भरतेशनी पुढं ढकलली. का, विचारलं. "ताकद येऊ दे आधी," म्हणाले.

एक लक्षात आलंय. भरतेश आता फोनचं विचारत नाहीत. आधी दुकानातून दहा वेळा फोन – काय आलं का, बघितलं का त्यांनी. आता काहीच नाही. कंटाळले असतील. मी मात्र अजून त्या पाकिटावर पहारा देते. भाजी निवडतानासुद्धा एक डोळा तिकडं. फोन जागा आणि त्याच्यामागं मी जागी.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी. सकाळपासून घरात माणसं, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. आण्णांनी या वर्षी कुणाला सोडलं नाही. ज्याच्याशी बांधावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं त्या चुलतभावालासुद्धा माझ्या फोनवरून फोन लावायला सांगितला. तो तिकडं रडला वाटतं. आण्णा म्हणत होते, "रडू नको लेका, माझंच चुकलं हुतं."

मग मला बोलावलं. मी जवळ बसले. त्यांनी दोन्ही हात जोडले. सासऱ्यानं सुनेला! "पोरी, कळत न कळत लय बोललो असंन. क्षमा कर." मी त्यांचे हात खाली ओढायला लागले. मला म्हणायचं होतं, क्षमा मी मागते, मी रोज तुमच्या तोंडावर खोटं वाचते. तोंडातून फक्त "उत्तम क्षमा" आलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पर्व संपून आठवडा झाला, तरी खात नाहीत. ताक, तेपण दोन घोट. मी शिरा केला, भरवायला गेले, तोंड मिटून घेतलं. मी चिडले. "आण्णा, औषध कसं लागू पडणार पोटात अन्न नसलं तर? बरं व्हायचंय का न्हाई तुम्हाला?" हसले नुसते. भरतेश दारात उभे होते, बाहेर निघून गेले. मदत तरी करायची! सगळं मीच करायचं – खोटं मी बोलायचं, भरवायचं मी, शिव्या मी खायच्या.

मग लहान मुलासारखं फसवून एक चमचा तोंडात घातला. त्यांनी तो हळूच पदरात, म्हणजे धोतराच्या सोग्यात काढला. मला वाटलं गिळवत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

फक्त पाणी. तेपण माझ्या हातचं नाही, भरतेशच्या हातचं. मला का नाही? मी त्यांना काय केलं?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी हाक दिली तर ओ नाही. डोळे अर्धे उघडे, श्वास चालू. चंदनबाला कालच आली होती, ती किंचाळली. भरतेश सुरुवातीला उठलेच नाहीत, पलंगाची कड धरून बसून राहिले. मी ओरडले, गाडी काढा! मग एकदम उठले आणि बापाला उचलून धावले. आमच्या कुंडलपासून सांगलीपर्यंत गाडी कुठंच थांबवली नाही.

आयसीयूत घेतलं. डॉक्टर म्हणाले, शुद्ध येईल असं वाटत नाही. नाकातून नळी घालून पोटात काही सोडायचं का, की त्रास न देता असंच ठेवायचं? घरच्यांनी ठरवा. भरतेश म्हणाले, "घाला."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एवढ्या दिवसांनी पोटात काहीतरी जाणार.

२० सप्टेंबर, शनिवार

नळीतून दूध जातंय. तोंडावर जरा तजेला आल्यासारखा वाटतो. चंदनबालालापण वाटलं. आण्णांचा फोन पिशवीतच होता, चार्जिंग संपून बंद पडलेला. तसाच ठेवला. आता काही आलं तरी कोण वाचणार.

२१ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी बस्तीतले उपाध्ये भेटायला आले. आत गेले आणि नळी बघून तिथल्या तिथं थांबले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "वहिनी, हे काय केलं? आण्णांनी पर्युषणाच्या पहिल्या दिवशी महाराजांकडं सल्लेखना घेतलीया. आजाराचं सगळं ठाऊक हुतं त्यास्नी. लेकालाच समोर बसवून विचारलं म्हणं, आणि लेकानं सांगितलं. महाराजांनी घरच्यांची संमती विचारली तवा भरतेश शेजारीच हुते. व्हय म्हणले. सुनेला सांगू नका, तिला सोसायचं न्हाई, असं आण्णा स्वतः म्हणले."

मी भरतेशकडं गेले. बाकावर बसले होते. काही विचारायच्या आधीच म्हणाले, "महाराजांम्होरं व्हय म्हणलो हुतो गं. पण मला बघवंना."

दिवस मावळून गेला होता. सिस्टर दूध घेऊन आली, म्हणाली, सोडू ना? आम्ही दोघंही तिथंच होतो. कुणीच नको म्हटलं नाही.