रत्नाचा उजवा हात

चोपडा, ८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप भिकुअक्कास,
धाकट्या सुकदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? नानांची साखर उतरली का? नात भूमिकाचा खोकला गेला, की छातीत अजून ढोल वाजतोच आहे? फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

होळीला तुझ्या भावजयीला लकव्याचा झटका आला, तेव्हापासून तिचा उजवा हात लुळा. सहा महिने रत्नाला घास मी भरवतो, वेणी मी घालतो. वाकडी येते, पण घालतो. आता दवाखान्यातून ज्योत्स्ना नावाची पोरगी दर मंगळवारी घरी येते. मला वाटलं मालिशवाली. चटई अंथरली, तिळाचं तेल कोमट केलं. ती म्हणाली, आबा, तेल भाजीत घाला. ती म्हणे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कुठे दुखतं ते विचारलंच नाही; रत्नाला विचारलं, स्वतःच्या हाताने काय करावंसं वाटतं. बाईने सांगितलं, भाकरी. मी इथे सहा महिने खपतोय, आणि हिला भाकरी पाहिजे.

पोरीने चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून तो जाड केला, रत्नाच्या मुठीत दिला आणि मला हात मांडीखाली घालून बसायला लावलं. वरण अर्धं लुगड्यावर सांडलं, तरी दोघी हसत होत्या. बेचाळीस वर्षांत माझ्याकडे बघून रत्ना अशी हसलेली नाही.

म्हणून युक्ती काढली आहे. मंगळवारी पोरगी यायच्या आधीच रत्नाला पोटभर भरवून ठेवतो. जेवलेल्या माणसाला कोण जेवायला शिकवणार? तीन मंगळवार ती चमचा पिशवीत घालून परत गेली. कुणाला बोलू नकोस.

माया आटू देऊ नकोस.
सुकदेव

धुळे, १७ सप्टेंबर

चि. सुकदेवास अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, नानांची साखर जिलबीपाशी अडली आहे, भूमिका बरी आहे. आता तुझं. लेका, त्या पोरीवर जळायचं तर जळ, पण त्या धुरात रत्नाचा घास का काळा करतोस?

चिंचेवरून पडून तुझा हात मोडला होता, आठवतं? हाड सांधलं, तरी आईने भरवावं म्हणून पंधरा दिवस गळ्यात झोळी बांधून फिरलास. कळल्यावर आईने ताट तुझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, बठ्ठं आपनच करी देवानं, हाई माया नही शे. सगळं आपणच करून द्यायचं, ही माया नव्हे. येत्या मंगळवारी रत्नाला जेवू घालू नकोस, आणि तू मळ्यात जा. काय झालं ते कळव.

आशीर्वाद आहेच, राग जाईपर्यंत अर्धा.
भिकुबाई

चोपडा, २ नोव्हेंबर

ति. अक्कास सा. न.

तुझं ऐकलं. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी खायला रत्नाला पाऊण तास लागला. मी केळीत पाणी सोडून बसलो, पाणी दुसऱ्याच सरीत गेलं.

गेल्या आठवड्यात तिने भाकरी थापली. परात सरकू नये म्हणून पोरीने खाली ओलं फडकं घातलं होतं. भाकरी कडेला करपली, एका बाजूला फाटली. पहिला तुकडा मात्र ज्योत्स्नाच्या हातावर. माझ्या पोटात तव्याहून जास्त आग.

त्यात आपलं काम समजावून सांगायला पोरीने मारुतीच्या ओट्यावर आळीतली माणसं जमवली. निम्मे गुडघे उघडे टाकून, तेलाची बाटली घेऊन आले. तिने मलाच बोलायला उभं केलं. जिभेवर नको ते येत होतं. पण समोर सुकलाल दिसला. मळणी यंत्रात बोटं गेल्यापासून धोतर बायको नेसवते, म्हणून घराबाहेर न पडणारा. मग बोललो. म्हटलं, ही मालिश करत नाही, सुई टोचत नाही. तुमचं रोजचं कोणतं काम अडलं ते विचारते आणि तेच काम पुन्हा हाताला लावून देते. माझ्या युक्तीचंही सांगून टाकलं. सगळे हसले. तिच्याकडे पहिलं नाव सुकलालने नोंदवलं.

आता माझ्याकडे फक्त वेणी उरली आहे. पोरगी कधी तीही शिकवेल, या धास्तीने मंगळवार उजाडतो.

लोभ आहे तेवढा राहू दे.
सुकदेव

चोपडा, ५ नोव्हेंबर

ति. अक्कांस रत्नाचा नमस्कार.

अक्षर मोठं आहे, पण माझ्या हातचं आहे. वेणी मला दिवाळीच्या आधीच यायला लागली. हे मळ्यात गेले की घालते, यायच्या वेळेला सोडते आणि फणी घेऊन बसते. ज्योत्स्नाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, बाकी सगळं माझं मला करायचं आहे, वेणी त्यांच्या हातची हवी. ती बरं म्हणाली.

हे पत्र तीच पोस्टात टाकेल. तुमची माया अशीच असावी. उत्तर लवकर धाडा, पण वेणीचं अक्षरही लिहू नका. तुमची पत्रं हेच मला वाचून दाखवतात.

रत्ना