आत्याने दिलेले शब्द

३ फेब्रुवारी, रविवार
आज एकही शब्द नाही! दोन तास वही उघडी, रेकॉर्डर चालू — आणि आत्या टीव्ही बघतेय. "आज डोकं चालत नाही गं. पुढच्या रविवारी ये." बाबा गेल्यावर आमची घरातली बोली येणारी एकटी तीच उरलीय. वृद्धाश्रमातल्या त्या खोलीत मी भिकाऱ्यासारखी बसते. शेजारच्या खाटेवरच्या मावशी माझ्याकडे बघून हसतात.

१० फेब्रुवारी
मिळाला! 'सुळेर' — कपडे काढून घेतल्यावर दोरीला उरतो तो ओलसरपणा. घरी येऊन लगेच प्रदर्शनाच्या नव्या चादरीवर काळ्या दोऱ्याने भरला. मग माझ्या आवाजात रेकॉर्ड करायला बसले. पन्नास वेळा बोलले, पन्नास वेळा पुसलं. माझ्या तोंडी तो उसना वाटतो.

१४ फेब्रुवारी
गॅलरीवाली म्हणाली, "तुमची मुळं अजून दिसू देत!" बाई, असती तर दाखवली नसती का?

२४ फेब्रुवारी
शाळेत पोरं हसतील म्हणून बाबा आमच्याशी ती बोली कधी बोललेच नाहीत. चाळिशी उलटली, आणि आपल्या भाषेत साधं 'भूक लागली' म्हणता येत नाही मला. आज आत्याला विचारलं. चिडलीच एकदम — "असलं फालतू काय विचारतेस? हा घे, चांगला शब्द घे!"
चादरी भरते, आवाज जोडते, त्याच शब्दांवर मंचावर अंग पिळवटून नाचते. आतून मुकी ती मुकीच.

२ मार्च
आत्या गेली. सकाळी, चहा पिता पिता.
संपलं. आता माझं चुकलं तरी सांगणारं कोणी नाही.

९ मार्च
गॅलरीत सदुसष्ट चादरी टांगून झाल्या, एका शब्दाची एक. मधोमध उभी राहिले. काही म्हणजे काही वाटेना. कशासाठी केलं हे सगळं?

१० मार्च
उद्या उद्घाटन. आत्याचं सामान आणायला गेले. मावशी पिशवी भरता भरता रडत होत्या. "शनिवारपासून मनानेच शब्द जुळवत बसायच्या हो! बोली कुठली येतेय त्यांना — लहानपणीच विसरल्या. पण शब्द संपले तर पोरगी यायची नाही, हीच धास्ती."
मग डोळे पुसून, जरा लाजत — "त्यातले चौदा माझे आहेत हं!"