दुसऱ्या फेरीनंतरचा कोपरा

मी, खाली सही करणारा, बॅगा आणि चेन दुरुस्त करणारा कारागीर, अविवाहित, शिक्षण आठवी पास व नववी अर्धी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत, आणि ती उद्या सकाळी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "साधं ऑपरेशन आहे." मी विचारले, "कोणासाठी?" ते हसले. मी उत्तर मिळावे म्हणून विचारले होते. हे लिहिताना कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. दबाव आणायला जवळ कोणी नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द. ही ओळ सगळेच लिहितात असे कळले, म्हणून लिहिली.

१. दुकानाचा गाळा भाड्याचा आहे, तो मालकाला परत जाईल. शिलाई मशीन, आऱ्या, सुया आणि मेण लावलेला दोरा मी शेजारच्या चपलावाल्याला देतो. माझी मोठी कात्री त्याने मागून नेली आणि बोथट करून परत आणली, वर म्हणाला, "आधीपासूनच तशी होती." तीही त्यालाच देतो. आता धार त्याने लावावी. फळीवरच्या बॅगांना गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत. लाल सूटकेसचे हॅण्डल राहिले आहे. ते बसवल्याशिवाय ती देऊ नये.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते आत्याला द्यावे. आई-वडिलांच्या मागे तिनेच आम्हा दोघा भावांना वाढवले. पैशाचे काय करावे हे मी तिला सांगत नाही. सांगून ती ऐकणार नाही.

३. बॉक्सिंग क्लबला मी काही देत नाही. लहानपणीच डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे मी कधी रिंगमध्ये उतरलो नाही. दादा खेळायचा आणि मी क्लबचा कॅमेरा धरून बसायचो. क्लबच्या ग्लोव्हजची उसवलेली शिवणही मीच घालायचो. एवढे असून सेक्रेटरींनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली ती "हा आमचा कायमचा प्रेक्षक" अशी. सगळे हसले. मीही हसलो, पण ते माझ्या लक्षात आहे.

४. माझ्या पेनड्राइव्हवर क्लबच्या बऱ्याच लढती आहेत. बहुतेक पुसल्या तरी चालतील. एका ठोशात संपलेली लढत पहिल्यांदा बघताना माणूस खुर्चीतून उठतो. दुसऱ्यांदा तो नुसती त्या ठोशाची वाट बघतो. तिसऱ्यांदा तो चहा टाकायला जातो. पुन्हा पुन्हा बघावी अशी लढत वेगळी असते. तिच्यात हरणारा जिंकता जिंकता राहिलेला असतो. निकाल पाठ असूनही दर वेळी वाटते, या खेपेला तो हात खाली सोडणार नाही. शिवाय तिच्यात असे काहीतरी असते, जे त्या दिवशी हॉलमध्ये कोणाला दिसलेलेच नसते. अशी लढत माझ्याकडे एकच आहे. ती दादाची. तेवढी राखून बाकीच्या पुसाव्यात.

५. हे कलम माझ्या थोरल्या भावासाठी आहे. तो गॅस सिलिंडरचा ट्रक चालवतो. उद्याच्या ऑपरेशनचे त्याला ठाऊक नाही. "त्या म्हाताऱ्याकडे जातोस तोवर मला फोन करू नकोस," असे तो म्हणाला होता. मी तिकडे जायचे थांबलो नाही, म्हणून फोनही केला नाही.

म्हातारा म्हणजे सर, दादाचे कोच. त्या लढतीत दादा निळ्या कोपऱ्यात होता आणि समोर एक उंच डावखुरा होता. दुसऱ्या फेरीत दादाने त्याला दोरांना टेकवले. हॉल उभा राहिला. तिथे चित्र हलले आहे, कारण मीही उडी मारली होती. तिसऱ्या फेरीत दादाने मार खाल्ला, पण तो पडला नाही. तरी सरांनी टॉवेल आत टाकला. लढत थांबली आणि दादा हरला. सगळ्यांदेखत तो ओरडला, "मी उभा होतो! मी उभा होतो, आणि तुम्ही मला विकलंत!" सर त्याच्या ग्लोव्हजच्या नाड्या सोडत राहिले. दादा पुन्हा क्लबात आला नाही.

दादा, आता सरळ तुलाच लिहितो.

सर आता माणसे विसरले आहेत. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या सूनबाई बाजारात जातात आणि मी सरांजवळ बसतो. त्यांना मी टीव्हीवाला वाटतो.

"आलास? टीव्ही बिघडलाय."

"बघतो, सर. चालवून बघू."

"पैसे सूनबाईकडून घे. आणि पार्ट बदलला म्हणून थापा मारू नकोस."

मग मी तुझी लढत लावतो. दुसरी लावली तर त्यांना डुलकी लागते. तुझी लावली की ते पुढे सरकून बसतात. "हा निळा कोणाचा रे पोरगा? पाय बघ कसे पडतात त्याचे!" निकाल त्यांना माहीत नसतो. तिसऱ्या फेरीत ते खांद्यावरचा नॅपकिन काढतात, "बास! थांबवा!" म्हणतात आणि टीव्हीवर फेकतात. दर रविवारी. कोणी शिकवलेले नाही.

मात्र अलीकडे ते नॅपकिन लवकर फेकू लागले. आधी तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, मग दुसरी संपता संपता, तू जिंकत असताना. मला वाटले, आजार वाढला. तरी मी घरी ती जागा पुन्हा लावून पाहिली. घंटा होते. लोक टाळ्या वाजवत आहेत. तू हात वर करतोस आणि लाल कोपऱ्याकडे चालू लागतोस. समोरच्याच्या कोपऱ्याकडे, दादा, डोक्याला मार बसून दिशा सुटलेल्या माणसासारखा. सर हात हलवून बोलावतात, मग तू वळतोस. कॅमेरा माझ्या हातात होता आणि मला ते दिसले नव्हते. सरांना दिसले होते.

पुढे तू स्टुलावर बसतोस. सर मान हलवून नाही म्हणत आहेत. तू दोन्ही ग्लोव्हजमध्ये त्यांचे मनगट धरून बोलत राहतोस. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही. काय बोललास ते तुलाच ठाऊक. शेवटी सर तुझ्या तोंडात माउथगार्ड बसवतात आणि तुला तिसऱ्या फेरीला सोडतात.

तू उभा होतास, हे खरे आहे. पण कुठल्या कोपऱ्याकडे निघाला होतास ते एकदा बघ. टॉवेल लवकर पडला असे तू म्हणतोस. सरांना तो उशिरा पडला असे वाटत असावे, म्हणून ते दर रविवारी थोडा थोडा लवकर टाकत आहेत.

नॅपकिन फेकून झाला की ते मला विचारतात, "पोरगा बरा आहे ना?"

"बरा आहे, सर. ट्रक चालवतो."

"नीट घरी पोचला?"

"पोचला."

मग ते नॅपकिनची घडी घालतात आणि टीव्ही झकास झाला म्हणतात.

तो पेनड्राइव्ह, सरांच्या शेजारची खुर्ची आणि त्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या थोरल्या भावाच्या नावे करतो. त्याने रविवारी टीव्हीवाला म्हणून जावे. माफी मागू नये, सरांना कळणार नाही. निकाल आधी सांगू नये.

मी वाचलो तर कलम १ ते ४ रद्द समजावीत. कलम ५ चालू ठेवावे, सरांच्या घरात आणखी एक खुर्ची आहे. हे कायद्यात बसत नाही असे सिस्टर म्हणाल्या. तरीही मी ते खोडलेले नाही. इतरत्र खाडाखोड झाली आहे, तिथे सही केली आहे.

आज रविवार आहे. तासाभरासाठी बाहेर सोडा म्हणून मी विनवले, सोडले नाही. आज सरांचा टीव्ही बिघडलेलाच राहील.

शेजारच्या खाटेवरच्या गवंडीकाकांनी सही करण्याआधी सगळे वाचले आणि विचारले, "येईल का रे तुझा भाऊ?"

मी म्हणालो, "माहीत नाही, काका. याचं रेकॉर्डिंग नाही माझ्याकडे."

सही: बॅग दुरुस्तीवाला, स्वतः

साक्षीदार पहिले: गवंडीकाका, खाट शेजारची. सलाइन उजव्या हाताला असल्यामुळे सही डाव्या हाताने केली आहे, ती त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसऱ्या: ड्यूटीवरील सिस्टर. "परवा तूच फाडशील हे," असे म्हणून सही केली.

ठिकाण: पुरुष विभाग, खिडकीकडची खाट

दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, रविवार, सूनबाई बाजारात जातात ती वेळ