तळ्यातल्या माशाचे दात

५ मार्च, मंगळवार

ते माझेच मासे असणार. दुसरे कुणाचे!

तळ्यात पोहणाऱ्या एका माणसाच्या पायाचा अंगठा फाटला. चांगले सहा टाके. "पिरान्हा!" – सकाळपासून दातांच्या दवाखान्यात हाच विषय. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही तिकडेच राहता ना? जपून हं." मी हातातल्या कवळीवरून मान वर केली नाही.

दोन वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी बाहेर गेली. तिचे चार मासे मागे राहिले. चपटे, रुपेरी, पोटाशी लाल. दुकानदार देताना हसून म्हणाला होता, "पिरान्हाच समजा!" बघता बघता वाढले, टाकी पुरेना. एका रविवारी बादलीत घालून नेले आणि दिले सोडून तळ्यात. लेकीला सांगितलं, दुकानात परत दिले. यांनाही तेच.

जेवण गेलं नाही आज.

७ मार्च, गुरुवार

काठावर फलक लागला. पोहणं बंद, होड्या बंद. तलाव विभागाचे साहेब सोमवारी औषध टाकून मासे मारणार. सगळे! इथले, बाहेरचे, सगळे.

होडीवाले काका पायरीवर बसले होते. पाचही होड्या पालथ्या. "एकदा का मेलेल्या माशांचा वास सुटला," म्हणाले, "की वर्षभर कुत्रं फिरकणार नाही इकडे."

मी म्हटलं, "पण मासा कुठला आहे ते आधी बघायला नको?"

"बघणार कोण?"

"मी." – निघून गेलं तोंडातून!

८ मार्च

वाचनालयातून माशांचं जाडजूड पुस्तक आणलं. पिरान्ह्याचा एक चुलत भाऊ आहे – पाकू. लहानपणी दोघं इतके सारखे की दुकानदारही फसतात. फरक तोंडात. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, करवतीसारखे, खालचा जबडा पुढे. पाकूचे चौकोनी, चक्क माणसाच्या दाढांसारखे. फळं, बिया फोडायला.

दात! तीन वेळा वाचलं. सत्तावीस वर्षं कवळ्या बनवतेय. दुसरं काही कळो न कळो, दात कळतात मला.

साहेबांना फोन केला. "पकडा की, पण सोमवारच्या आत. आणि बाहेरचा एकही मासा परत पाण्यात सोडायचा नाही."

९ मार्च, शनिवार

काकांनी होडी सुलटी केली. ते वल्हवणार, जाळं फेकणारही तेच. मी पुस्तक घेऊन मधल्या फळीवर. 

सकाळभरात काय काय निघालं! गप्पी तर ओंजळीने. लाल तलवारशेपट्या सात – नराच्या शेपटीची खालची बाजू तलवारीसारखी लांब, ओळखायला सोप्या. काचेला चिकटून राहतो तो काळा ठिपकेवाला सकर, हातभर लांब! सगळे कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यातले. अख्खं गाव बादल्या घेऊन येतं की काय इथे?

हवा होता तो मात्र नाही.

दोन टब भरले, लेकीची जुनी टाकी भरली. सकर न्हाणीघरात. यांनी दार उघडलं, परत लावलं. "अंघोळीला मी शेजारी जाऊ का?"

मी खूप दिवसांनी हसले.

१० मार्च, रविवार

मिळाला!!

जाळ्याला पिकलेल्या अंजिरांचं आमिष लावलं होतं. तासभर काही नाही. मग होडी एकदम कलली आणि काका ओरडले, "ताई, बादली!" ताटाएवढा मासा. पोटाशी लाल. धडपडत होता, मीही.

ओल्या फडक्यात धरला. काकांनी डोकं घट्ट पकडलं. दवाखान्यातली मेणाची गुलाबी पट्टी थर्मासच्या गरम पाण्यात मऊ करून नेली होती – पेशंटच्या चाव्याचा ठसा घ्यायला वापरतो तीच. तोंडाशी धरली. चावला!

पट्टी उजेडात धरली. चौकोनी. बोथट. ओळीने दाढा बसवाव्यात तशा.

पाकू. पाकू. पाकू!

छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते आज कळलं. रडले. काकांना म्हटलं, डोळ्यात पाणी उडालं.

११ मार्च, सोमवार

सकाळी साडेआठला साहेबांच्या टेबलावर पट्टी ठेवली. साहेब मुळीच वाकडे नाहीत. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनाच त्यांनी बोलावून घेतलं. डॉक्टरांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "यानं फार तर चिमटा बसेल. जखम सुरीनं कापल्यासारखी सरळ होती." मग सगळी वरात तळ्यावर. पोहणारे उतरतात त्या पायरीखाली काकांनी हात घालून चाचपलं – फुटक्या बाटलीचं बूड!

औषध रद्द. फलक काढला. पाकू तेवढे पकडून न्यायचे.

जाता जाता साहेब म्हणाले, "पण हे आले कुठून?"

काका म्हणाले, "कोण सोडून जातं, कुणास ठाऊक!"

१४ मार्च

उरलेले तिघंही सापडले. आमच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत भिंतभर टाकी आली. डॉक्टरीणबाई खूष – "पेशंट यांचे दात बघून तरी घासतील!" तलवारशेपट्या साहेबांनी त्यांच्या घरच्या टाकीसाठी नेल्या. सकर अजून न्हाणीघरात.

यांना आणि लेकीला खरं सांगितलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू म्हणजे ना!"

राहिले काका. त्यांचे पाच दिवस माझ्यामुळे बुडाले. सांगायला तोंड नाही.

१७ मार्च, रविवार

आज सांगितलं. होडी तळ्याच्या मध्यावर होती. काका वल्हवत राहिले.

मग म्हणाले, "ताई, मला गेल्या रविवारीच कळलं. पहिला पाकू जाळ्यात आला आणि तुम्ही त्याला म्हणालात, 'केवढा झालास रे!'"